तळातला मीटर

“भावाची सुटली का गं?”

खर्डेकर साहेबांनी हे विचारलं तेव्हा मी मळीच्या टाकीपाशी उकिडवी बसून वायरी जोडत होते. भोवती कारखान्याची पाच-सहा माणसं होती. साहेबांनी आवाज मुद्दाम चढवला होता असं नाही. त्यांचा आवाज पहिल्यापासून सभेत बोलल्यासारखाच.

“काय सुटली, साहेब?”

“दारू गं. तू रंगनाथ मगदूमची बहीण ना? गेटवर कळलं मला. शिकलीस, पुण्याच्या कंपनीत लागलीस, फार बरं झालं. घरात एक तरी नीट निघालं.”

“तो कधी पीतच नव्हता. धरलीच नाही ती सुटणार कशी?”

साहेब हसले. “बहिणी असंच म्हणतात,” म्हणाले आणि पुढे निघून गेले. भोवतीच्या माणसांनी माना खाली घातल्या. त्यांतल्या दोघांनी रंगाबरोबर एका पाळीत काम केलं होतं.

माझ्या हातात पान्हा होता. तो त्यांच्या टकलावर घालावा असं मला वाटलं, आणि हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही. पण पान्ह्यानं फार तर टेंगूळ येतं. टेंगळावर माझं भागणार नव्हतं. मला रंगाचं गेलेलं नाव परत हवं होतं, आणि ज्या तोंडानं ते घालवलं होतं त्याच तोंडातून, सगळ्या गावासमोर हवं होतं. त्यासाठीच तर मी पुण्यात माझ्या कंपनीच्या साहेबाच्या मागे लागून हे काम मागून घेतलं होतं.

रंगा माझा थोरला भाऊ. कारखान्यात मळीच्या मोठ्या टाकीवर त्याची नेमणूक होती. साखर काढून घेतल्यावर जो काळा, चिकट रस उरतो ती मळी. पूर्वी टाकी किती भरली हे बघायची रीत सोपी होती. शिडीनं छतावर चढायचं, झाकण उघडायचं, लांब काठी सोडायची आणि मळी कुठवर आली ते बघायचं. खर्डेकर साहेब चीफ इंजिनिअर म्हणून आले आणि त्यांनी मीटर आणला. टाकीच्या तळाशी, अंगाला वाटीएवढं यंत्र बसवलं आणि त्याची तार खोलीतल्या आकड्यापर्यंत ओढली. खुर्चीत बसल्या जागी टाकी किती टक्के भरली ते दिसायला लागलं.

खंडेनवमीला त्या मीटरची पूजा झाली. हळदकुंकू, झेंडूची माळ, चेअरमन आबासाहेबांच्या हस्ते नारळ. आमचे वडील, तात्या, कारखान्याचे जुने सभासद आणि आबासाहेबांचे निस्सीम भक्त. प्रसादाचं ताट त्यांच्याच हातात होतं. साहेबांनी त्याच दिवशी काठी बॉयलरमध्ये घातली आणि शिडीच्या दाराला कुलूप ठोकलं. मीटर आल्यावर माणसानं वर चढायचं कारण काय, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांना ते पटलं. रंगालासुद्धा पटलं.

त्याच हंगामाच्या शेवटी, उन्हाचा कडाका असताना, रंगाच्या पाळीत टाकी सांडली. खोलीत आकडा सत्तर होता आणि बाहेर छताच्या कडेवरून मळीचे लोट खाली येत होते. रंगानं बोंब मारली, येणारा नळ बंद केला आणि फावडं घेऊन ओढ्याकडे धावला. मळी ओढ्यात गेली की खालच्या गावांचं पाणी नासतं. संध्याकाळपर्यंत तो कमरेइतक्या काळ्या पाण्यात उभा राहून बांध घालत होता. पाण्यात मिसळलेली मळी उन्हात आंबते, आणि आंबलेल्या मळीला वास कशाचा येतो हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. तशाच कपड्यांत त्याला चौकशीला उभा केला. ऑफिसपुढे, सगळ्या गावादेखत.

“मीटर सत्तर दाखवतोय,” खर्डेकर म्हणाले. “सत्तरवर टाकी सांडत नाही. म्हणजे यानं नळ सोडून झोप काढली, टाकी सांडली, मग घाबरून मळी दुसऱ्या टाकीत सोडली आणि आकडा खाली आणला. का आणला, ते वासावरून कळतंय.”

रंगा एकच सांगत राहिला. “आकडा सत्तर होता आणि टाकी सांडत व्हती. दोन्ही खरं हाय.”

“दोन्ही खरं कसं असेल? एक कोणीतरी खोटं बोलतंय. आणि मीटरला दारू चढत नाही.”

लोक हसले. आबासाहेबांनी तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “तात्या, पोरगं घसरलं. सांभाळा.” आबासाहेब म्हणाले म्हणजे तात्यांच्या लेखी ती काळ्या दगडावरची रेघ.

रंगाची नोकरी गेली. ठरलेलं लग्न मोडलं, कारण दारुड्याला कोण पोरगी देतो? तो तालुक्याच्या गावी गेला, जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरायचं काम शिकला आणि तिथंच दुकानामागच्या खोलीत राहायला लागला. तात्या आणि तो त्यानंतर एकमेकांशी बोलले नाहीत. रंगाचं नाव निघालं की तात्या उठून गोठ्यात जायचे.

मी तेव्हा शाळेत होते. पुढे हट्टानं पॉलिटेक्निकला गेले आणि ही मापायचीच विद्या घेतली. एका दुपारी सर टाकीतल्या पातळीचे मीटर शिकवत होते. तळातल्या मीटरला उंची दिसतच नाही, ते म्हणाले. त्याला फक्त डोक्यावरचा दाब कळतो, म्हणजे वर किती वजन आहे तेवढं. त्या वजनावरून उंचीचा हिशोब आपण बांधून दिलेला असतो. पातळ पदार्थ जसा ठरवला तसाच राहिला तर हिशोब बरोबर. तो फुगला, त्यात बुडबुडे भरले, तर उंची वाढते आणि वजन तेवढंच राहतं. मीटर आपला जुनाच आकडा सांगत बसतो.

दूध उतू जातं तेव्हा पातेलं काय जड होतं?

मला बाकावर बसवेना. गरम मळी न निववता टाकीत सोडली की ती आतल्या आत फसफसते आणि आंबवलेल्या पिठासारखी फुगते, हे मला नंतर पुस्तकांत सापडलं. त्या वर्षी हंगाम उरकायच्या घाईत मळी निववायचं पाणी बंद ठेवलं होतं, हे टाकी सांडायच्या आधीच रंगानं घरी सांगितलं होतं. दोन्ही खरं होतं. आकडा सत्तर होता आणि टाकी सांडत होती. माझा भाऊ भर चौकात खरं बोलला होता आणि एका अडाणी इंजिनिअरनं त्याला दारुडा ठरवला होता. त्या दिवसापासून मी खर्डेकरांना अडाणी म्हणूनच ओळखत होते. त्यांचं अज्ञान चव्हाट्यावर मांडायचं, एवढाच माझा नेम होता.

संधी आली ती अशी. कारखान्यानं मळीच्या नव्या टाक्या बांधल्या आणि प्रदूषणवाल्यांनी प्रत्येक टाकीला दुसरा, वरचा मीटर लावायची अट घातली. ते काम आमच्या कंपनीकडे आलं. हा वरचा, रडारचा मीटर छतावर बसतो आणि खाली लहरी सोडतो. लहर मळीच्या पाठीवर आपटून किती वेळात परत येते त्यावरून मळी नेमकी कुठवर आली ते सांगतो. वजनाशी त्याला देणंघेणं नाही. खर्डेकरांना तो नको होता.

“फुकटचा खर्च आहे, आबासाहेब,” ते चेअरमनच्या खोलीत माझ्यादेखत म्हणाले. “खालचा मीटर इतकी वर्षं आहे. कधी चुकला नाही. एकदा सांडली ती माणसाच्या चुकीनं.”

“मीटर सत्तर दाखवत असताना टाकी सांडू शकते, आबासाहेब,” मी म्हटलं.

“पुस्तकात,” साहेब म्हणाले.

“पुस्तकात कशाला? इथं करून दाखवते. छोटी टाकी द्या, सगळ्यांसमोर दाखवते.”

आबासाहेबांना तमाशाची हौस दांडगी. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. “करून दाव की, लेकी. संचालक मंडळ बोलावतो. तुझ्या तात्याला बी बोलवू, बघू दे पोरगी काय शिकली ते. काय खर्डेकर, हरकत?”

“माझी कसली हरकत?” खर्डेकर म्हणाले. पण रुमाल काढून त्यांनी कपाळ पुसलं. पंखा चालू होता. मला वाटलं, हरायची भीती वाटत असेल.

चाचणीची टाकी मी मुद्दाम निवडली. पुरुषभर उंच, वरून उघडी. खाली उभ्या माणसाला आतली मळी दिसत नाही. तळाला तसलाच जुना मीटर, बाजूला खांबावर आकडा. कोमट मळी सत्तर टक्क्यांपर्यंत भरून घेतली. टाकीला एक पंप जोडला, तळातून मळी ओढायची आणि वरून पुन्हा त्याच टाकीत सोडायची. पंपाच्या ओढणाऱ्या पाइपला बारीक तोटी होती. तिचं काय करायचं ते मी कुणाला सांगितलं नाही, माझ्या हाताखालच्या माणसालासुद्धा नाही.

सकाळी टाकीभोवती खुर्च्या मांडल्या होत्या. पुढच्या रांगेत आबासाहेब, कडक इस्तरीचं धोतर. त्यांच्या शेजारी तात्यांना बसवलं होतं. तात्यांनी ठेवणीतला फेटा बांधला होता आणि नव्या वहाणा घातल्या होत्या. मागे संचालक, त्यांच्यामागे पाळीवरचे कामगार. सभासदही बरेच आले होते.

बाहेरून येणारा नळ मी कुलूप लावून बंद केला आणि किल्ली आबासाहेबांच्या हातात दिली.

“आता या टाकीत बाहेरून थेंब येणार नाही,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. “आहे तीच मळी फिरत राहील. आकडा वाचायचं काम खर्डेकर साहेबांनी करावं. त्यांच्याइतका मीटरवर कुणाचा भरवसा नाही.”

लोक खसखसले. साहेब टाकीला खेटून, आकड्यापुढे उभे राहिले. पांढरे बूट, परीटघडीची पँट.

“किती, साहेब?”

“सत्तर.”

“सत्तरवर टाकी सांडेल?”

“सांडणार नाही.”

“तेव्हा काय म्हणाला होतात तुम्ही? मीटरला दारू चढत नाही, असं काहीतरी?”

“म्हणालो होतो. आजही म्हणतो.” आणि ते तात्यांकडे बघून किंचित हसले. तात्यांनी नजर पायाकडे वळवली. ते हसू मी गाठीला बांधून ठेवलं.

पंप सुरू केला. सगळ्यांचे डोळे आकड्यावर. मी वाकले, मळीचा व्हॉल्व्ह थोडा आवळला आणि ती बारीक तोटी उघडली. पंप मळीबरोबर हवा प्यायला लागला. जाड मळीत ती हवा बारीक बुडबुडे होऊन अडकणार होती, वर निसटणार नव्हती. मळी फुगत जाणार होती आणि तिचं वजन होतं तेवढंच राहणार होतं.

“सत्तर,” साहेब म्हणाले.

पंपाचा आवाज बदलला. आधी जड घुमत होता, आता ठसकल्यासारखा यायला लागला. मागे कुणीतरी तंबाखू मळत होतं, कुणी जांभई दिली. आबासाहेब तात्यांना उसाच्या नव्या जातीबद्दल काहीतरी सांगत होते.

“सत्तर,” साहेब पुन्हा म्हणाले. मग त्यांनी पँट गुडघ्यापाशी चिमटीत धरली, दोन पावलं मागे सरले आणि शेजारच्या ओट्यावर चढून उभे राहिले. तिथून वाकून आकडा वाचायला लागले. मी ते पाहिलं, पण माझं सगळं ध्यान टाकीच्या काठाकडे होतं.

“सत्तरच आहे. दुपारपर्यंत बसवणार का आम्हाला?”

लोक हसत होते तेवढ्यात टाकीच्या काठावर काळा ओठ दिसला. फुगलेला, चकाकणारा. तो काठावर क्षणभर रेलला आणि मग एकदम चारी बाजूंनी मळी खाली आली. खुर्च्या उलटल्या. आबासाहेबांचं धोतर गुडघ्यापर्यंत काळं झालं. संचालक एकमेकांना धरून घसरले. तात्या जागचे हललेच नाहीत. मळी त्यांच्या वहाणांवरून, घोट्यांवरून गेली आणि ते खांबावरच्या आकड्याकडे बघत राहिले. तिथं सत्तरच होतं.

मी पंप बंद केला. आता, मी मनात म्हटलं. आता बोला, साहेब.

आणि साहेब बोलले! ओट्यावरून हात पसरून बोलले. “बघा, आबासाहेब, बघा! अजून सत्तरच दाखवतोय! म्हणजे दोष मीटरचाच. आपल्याला काय कल्पना! अरेरे, मग त्या रंगनाथच्या वेळीही असंच झालं असणार. नकळत अन्याय झाला बिचाऱ्यावर. या पोरीचे उपकारच म्हणायचे, आमचे डोळे उघडले.”

“खरं हाय,” मागून कुणीतरी म्हणालं. “साहेबांना तरी काय म्हाईत?”

“मीटरच फसवा निघाला की.”

दोघा-तिघांनी टाळ्याही वाजवल्या. इतकी वर्षं जपलेला माझा सूड या माणसानं चार वाक्यांत घडी करून खिशात घातला. मी त्यांना अडाणी ठरवायला आले होते, आणि त्यांनी ते अडाणीपण शालीसारखं पांघरून घेतलं. चूक होते माणसाची, मीटर फसवा, विषय संपला. मी खाली बघितलं. सगळीकडे काळे पाय. आबासाहेबांचे, संचालकांचे, कामगारांचे, तात्यांचे, माझे.

मग माझी नजर ओट्यावर गेली. पांढरे बूट पांढरेच होते. एक ठिपका नव्हता.

“साहेब,” मी म्हटलं, “तुम्ही ओट्यावर कधी चढलात?”

“काय?”

“टाकीला खेटून उभे होतात. मळी काठावर यायच्या कितीतरी आधी तुम्ही पँट सावरून मागे सरलात आणि ओट्यावर चढलात. खाली उभ्या माणसाला आतलं दिसत नाही. आकडा तर सत्तर होता. मग टाकी सांडणार हे तुम्हाला कशावरून कळलं?”

टाळ्या थांबल्या. लोक एकेक करून साहेबांच्या बुटांकडे बघायला लागले. साहेबांनीही बघितलं.

“आवाजावरून,” ते म्हणाले. “पंप हवा ओढत होता.”

“पंपानं हवा ओढली की मळी फुगते, आणि फुगली तरी मीटरला कळत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं तर.”

“इंजिनिअर आहे मी. एवढं...”

“गरम मळी सोडली तरी फुगते. तेही ठाऊक असणार. कधीपासून?”

रंगाच्या पाळीतला एक जण पुढे आला, मळीत पचपच पाय टाकत. “बोला की, साहेब. कवापासून म्हाईत हाय?”

“कारखान्यात आलो तेव्हापासून,” खर्डेकर म्हणाले. मग एकदम उसळले. “माझ्याकडे काय बघता सगळे? मी तोंडानं सांगितलं होतं, मळी निववल्याशिवाय टाकीत सोडू नका. पाण्यासाठी गाळप थांबवायचं नाही, हंगामाचा उच्चांक व्हायला पाहिजे, हे कुणी सांगितलं? आबासाहेब, बोला ना! चौकशीच्या आधी मी तुमच्या खोलीत येऊन सगळं सांगितलं होतं का नव्हतं?”

आबासाहेबांनी धोतराचा सोगा उचलून धरला होता. तो त्यांनी सोडला. “एका माणसाचं नुकसान झालं,” ते म्हणाले, “पण कारखान्याची अब्रू राहिली. हजारो सभासदांचा संसार हाय हा. तात्या, तुम्ही तरी समजून घ्या.”

त्यांनी तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तात्यांनी तो हात उचलला आणि मेलेलं काहीतरी काढून टाकावं तसा बाजूला टाकला. मग डोक्यावरचा फेटा उतरवला, आबासाहेबांच्या पायांपुढे मळीत ठेवला आणि फाटकाकडे चालू लागले.

मला खूप आनंद झाला. खोटं कशाला बोलू? खर्डेकर ओट्यावरून उतरायला बघत होते आणि कुणी वाट देत नव्हतं. शेवटी ते बुटांसकट मळीत उतरले. ते बघून पोट भरल्यासारखं वाटलं मला. पुढे ते कारखाना सोडून गेले आणि आबासाहेबांनी निवडणुकीचं नाव काढलं नाही, पण माझा सूड पुरा झाला तो तिथंच, त्या पहिल्या पावलाला. निदान मला तसं वाटलं.

तात्यांना मी फाटकाबाहेर गाठलं. “घरी जाऊ, पाय धुवा,” म्हटलं.

“रंगाकडं चल,” ते म्हणाले. “आत्ता.”

एसटीत कंडक्टरनं त्यांच्या पायांकडे बघून नाक मुरडलं. सबंध वाटेत तात्या फक्त एकदा म्हणाले, “त्यो एकच सांगत व्हता गं. दोन्ही खरं हाय म्हणत व्हता.”

रंगा दुकानात मोटार उघडून बसला होता. मांडीवर तांब्याच्या तारेचं बंडल. दारात तात्या उभे, उघड्या डोक्यानं. त्यानं वर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि परत तार ओढायला लागला.

“रंगा,” तात्या म्हणाले. “तुझी चूक नव्हती.”

“कोण म्हणतंय?”

“कुमुदनं आज टाकीवर करून दावलं. समद्या गावादेखत. आकडा सत्तर आणि टाकी सांडली. खर्डेकर कबूल झाला. आबासाहेबाला बी ठावं व्हतं.”

मी पुढे सरसावले. मला सगळं सांगायचं होतं, बुटांचं, ओट्याचं, तोंड पडलेल्या खर्डेकरांचं. त्याच्यासाठीच तर केलं होतं. पण रंगानं हात वर करून मला थांबवलं.

“तात्या, मी त्या दिवशी काय सांगितलं व्हतं?”

“हेच.”

“यातला एक शब्द तरी वेगळा?”

“न्हाई.”

“मग मी सांगितलं तवा खोटं, आणि टाकीनं सांगितलं तवा खरं?”

तात्या दाराच्या चौकटीला धरून पायरीवर बसले. “चुकलं माझं,” ते म्हणाले. तात्यांच्या तोंडून हे शब्द मी आयुष्यात कधी ऐकले नव्हते. ते पायांवरची मळी हातानं खरवडायला लागले. वाळून तिचं कातडं झालं होतं. मी दुकानातल्या पिंपातून तांब्याभर पाणी आणून त्यांच्या पायावर ओतलं.

“गारानं जात न्हाई ती,” रंगा म्हणाला. “ऊन पाणी लागतं. मला दोन दिवस लागले कळायला. त्या सांजंला मी घरी आलो, तुम्ही आतनं कडी लावलीसा. मी दार वाजवत व्हतो, आई आत रडत व्हती. मग मी गोठ्यातल्या हौदावर घासत बसलो. खर्डेकरनं काय केलं, आबासाहेबानं काय केलं, त्याचं मला कधीच काय वाटलं न्हाई, तात्या. ती परकी माणसं.”

ही गोष्ट मला माहीत नव्हती. त्या रात्री मला मामाकडे पाठवलं होतं. परतल्यावर रंगा गेला होता आणि कुणी काही बोललं नव्हतं.

रंगा उठला. त्यानं स्टोव्ह पेटवला, पातेलं चढवलं. स्टोव्ह भरभरत होता. पाणी तापलं तसं त्यानं ते बादलीत ओतलं, बोट बुडवून बघितलं, थोडं गार मिसळलं. बादली, साबणाची वडी आणि स्वतःचा धुतलेला टॉवेल आणून तात्यांच्या पुढे ठेवला. वाकून त्यांच्या वहाणा काढल्या आणि नीट बाजूला लावल्या.

मग तो मागच्या खोलीत गेला आणि आतून कडी लावली.

तात्यांनी पाय बादलीत सोडले. मळी सुटायला लागली, पाणी काळं झालं. त्यांनी एकदा मान वळवून दाराकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी दार वाजवलं असतं तर रंगानं माझ्यासाठी उघडलं असतं, हे त्यांनाही माहीत होतं.

मी वाजवलं नाही.